भिंतीपासून हातभर

२९ सप्टेंबर, रविवार

आज झिशानभाईने मागच्या अंगणात फक्कीने रेघ ओढली. रेघेच्या अलीकडे आमचे जुने घर आणि पलीकडे त्याची नवी खोली. जानेवारीत त्याचा निकाह आहे. कवठे महांकाळची अर्फा आमच्या घरी येणार आहे आणि दोन खोल्यांच्या या घरात तिच्यासाठी जागा नाही, हे मला संपूर्ण मान्य आहे. मान्य नाही ते इतकेच, की अम्मीची मेंदी त्या रेघेच्या पलीकडे आली.

अम्मीला जाऊन दोन वर्षे झाली. पुढे दुकानात अब्बा बांगड्या भरत आणि मागे अम्मी पाट्यावर पाने वाटत असे. रहिमतपुरातल्या कितीतरी नवरीमुली आमच्या पुढच्या दाराने आल्या आणि मागच्या दाराने रंगलेले हात घेऊन गेल्या.

"तोडू या," भाई म्हणाला. "आता मेंदीचे कोन मिळत्यात की बाजारात. पानं वाटत बसतंय कोण?"

तो निर्दयपणे बोलला नाही. तो वेल्डिंगचे काम करतो आणि त्याच्या दृष्टीने जे सरळ रेषेत येत नाही ते कापायचे असते. मला बोलायचे होते. ग्रंथालयातही वाचक तक्रार करतात की माझा आवाज टेबल ओलांडून पलीकडे येत नाही. आज तर तो ओठही ओलांडू शकला नाही.

अब्बा बांगड्यांची माळ ओवत होते. मान वर न करता म्हणाले, "तोडायची न्हाई. हलवायची."

"कुठं? पत्र्यावर?"

अब्बांनी पुढच्या चार बांगड्या ओवल्या. मग अम्मीचे नाव घेऊन म्हणाले, "सलिमापाशी."


३ ऑक्टोबर

ग्रंथालयात बागकामावरचे एकच पुस्तक आहे. त्याला कसर लागली आहे, परंतु आवश्यक ती पाने शाबूत आहेत. त्यात म्हटले आहे की मोठे झुडूप हलवायचे असेल तर पाऊस ओसरल्यानंतरचे दिवस उत्तम. माती आत ओली असते, ऊन सौम्य होत जाते आणि थंडीपूर्वी मुळांना नवी जागा ओळखण्यास अवधी मिळतो. फांद्या दोनतृतीयांश छाटाव्यात. मुळांभोवतीची माती सुटू देऊ नये. खड्डा काही दिवस आधी खणून त्याला ऊन द्यावे. नवे धुमारे फुटेपर्यंत कोणतेही तीव्र खत घालू नये.

मी हे सर्व अब्बांना वाचून दाखवले. "म्हंजे नवीन नवरीसारखंच," ते म्हणाले. "पहिलं रुळू द्यायचं, मग खायला घालायचं."

सावधगिरी म्हणून चार फांद्या बाटलीत पाण्यात ठेवल्या आहेत. झुडूप दगावले तर निदान एखादी तरी जगावी.

एक गोष्ट मनात सलते. आमच्या गावात बायका कब्रस्तानात जात नाहीत. तसा नियम कुठे लिहिलेला मी वाचलेला नाही. पण कुणी जात नाही, म्हणून कुणी जात नाही. अम्मीची कबर मी पाहिलेली नाही. अब्बांनी सांगितले तेवढेच माहीत आहे: आत, निंबाखाली, दुसऱ्या रांगेत. मेंदी तिथे गेली की मला तीही दिसणार नाही.


८ ऑक्टोबर

कब्रस्तानची रस्त्याकडची भिंत गेल्या महिन्याच्या पावसात एका ठिकाणी ढासळली आहे. माझा ग्रंथालयाचा रस्ता तिथूनच जातो. आज खड्डा खणायचा म्हणून अब्बा कुदळ घेऊन आत गेले आणि मला त्या भगदाडाबाहेर उभे केले.

मी त्यांना तीन वेळा सांगितले होते, "अब्बा, कबरीच्या उशाशी, पण मुळे कबरीत जाणार नाहीत इतक्या अंतरावर." त्यांनी तीनही वेळा मान हलवली होती.

"नुरी, तांब्या दे."

मी दिला.

"असा न्हाई. तिथंच ऱ्हा. हात लांब कर."

मी पडक्या विटांवरून हात लांब केला. त्यांनी तांब्या घेतलाच नाही. दुकानात एखादी बाई आली की ते टेप न लावता नुसते मनगटाकडे पाहून माप सांगतात, तसे ते माझ्या हाताकडे पाहत राहिले. मग चपलेच्या टाचेने मातीवर खूण केली आणि तिथेच खणायला लागले. भिंतीपासून हातभर अंतरावर!

"अब्बा, अम्मी तर आत आहे ना?"

"हितं ऊन बरं हाय."

"पण..."

"लय दगड हायती आत," ते म्हणाले आणि कुदळ उचलली.

अब्बांना बांगड्यांतले सर्व कळते, झाडांतले काहीच कळत नाही. मी वाद घातला नाही. परतताना मात्र मी त्यांच्या पुढे पुढे चालले. दुसऱ्या रांगेपर्यंत जाण्याचा कंटाळा त्यांनी करायला नको होता.


१३ ऑक्टोबर, रविवार

झुडूप हलले.

काल दसरा झाला. आज सकाळी शेजारच्या साळूमावशी सोने द्यायला आल्या आणि इथेच थांबल्या. त्यांच्या गोठ्यात दोन म्हशी आहेत, मुलगा सैन्यात आहे, आणि आमच्या अंगणात काय चालले आहे हे आमच्याआधी त्यांना ठाऊक असते.

"आवं याकूबभाऊ, बायकांच्या हातात काकणं भरल्यागत काय खणताय? जोर लावा की!"

"जोर लावला की वाढंल," अब्बा म्हणाले. आमच्या दुकानात बांगडी फुटली असे म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. मुळाच्या बाबतीत हा शब्द मी प्रथमच ऐकला आणि मावशींसह सगळे हसलो.

अब्बांनी खरोखर तसेच खणले. भोवताली चर काढला आणि मग बोटांनी माती सैल करत करत आत गेले. मुळांमध्ये काहीतरी चमकले. हिरवे, मग लाल, मग मोरपंखी. बांगड्यांचे तुकडे होते ते. दुकानातले तुकडे रस्त्यावर टाकले तर कुणाच्या पायात जातील, म्हणून अम्मी ते मेंदीच्या बुडाशी पुरत असे. इतक्या वर्षांत मुळांनी त्यांना चारी बाजूंनी धरून ठेवले होते.

"काढू का?" भाईने विचारले.

"ऱ्हाऊ दे. त्यासकट न्यायचं." पण एक हिरवा तुकडा सुटून आला होता, तो अब्बांनी पुसला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. बहुधा कुणाला लागू नये म्हणून.

गड्डा ओल्या गोणपाटात बांधला. भाईने तो हातगाड्यावर ठेवला आणि रस्ताभर "हळू, हळू" असे दुसऱ्यांनाच ओरडत ढकलला. मी भगदाडाबाहेरून सूचना देत होते. पूर्वीची पूर्वेची बाजू पूर्वेलाच ठेवा; पूर्वी जितके मातीत होते तितकेच ठेवा, खोल नको; माती पायाने दाबा; आळे करा. अब्बा आतून प्रत्येक सूचनेला "जी बाई" म्हणत होते. शेवटी मी तांब्याने पाणी दिले.

आता तिथे गुडघ्याएवढ्या काड्या उभ्या आहेत. पाहणाऱ्याला सरपण वाटेल. बाटलीतल्या फांद्या काळ्या पडल्या, त्या आज टाकून दिल्या. म्हणजे आता जे आहे ते एवढेच.


२० ऑक्टोबर

कब्रस्तानच्या कमिटीची बैठक झाली. भाई तिथून हसत आला.

"नुरी, अब्बा भांडले! जन्मात पहिल्यांदा. मुजीबचाचा म्हणत होते, भिंत पहिल्यासारखी डोक्याएवढी बांधू. अब्बा म्हणाले, न्हाई, तेवढ्या तुकड्यात कमरेएवढीच, वर लोखंडी गज. चाचा म्हणाले, का? तर म्हणे हवा खेळती ऱ्हाईल. कब्रस्तानात हवा! सगळे हसले. पण अब्बा हटेनात."

विटांची बचत हा अब्बांचा हेतू असावा, असे मला वाटते. गज भाई बसवणार आहे.


२४ ऑक्टोबर

भाई गज घेऊन आला. अब्बांनी त्याला दोनदा अंतर बदलायला लावले.

"अजून जरा रुंद."

"अब्बा, यातनं करडू जाईल की!"

"जाऊ दे गेलं तर."

अंतर मोजायला त्यांनी घरातून तांब्या आणला होता आणि तो गजांमधून आडवा जातो का, उभा जातो का, हे पाहत होते. घरात टेप असताना! भाई कपाळावर हात मारून घेत होता. मीही हसले. अब्बांना हाती लागेल त्या वस्तूने मोजण्याची सवय आहे.

काड्यांवर अजून काही नाही.


३० ऑक्टोबर

अब्बांनी नखाने एका काडीची साल किंचित खरवडून दाखवली. आत हिरवे आहे! हे वाक्य मी दोनदा गिरवले, हे हास्यास्पद आहे. परंतु मी ते खोडणार नाही.


४ नोव्हेंबर

धुमारे फुटले. मोहरीएवढे, लालसर. ग्रंथालयात दिवसभर माझा चेहरा असा होता की एका वाचकाने विचारले, "बाई, नवीन पुस्तकं आली काय?"

संध्याकाळी साळूमावशींना सांगितले आणि तीच चूक झाली.


५ नोव्हेंबर

मावशी सकाळीच भगदाडापाशी (आता ते भगदाड राहिलेले नाही, गज बसले आहेत) घमेले घेऊन हजर. घमेल्यात ताजे शेण.

"सलिमाच्या झाडाला माझ्याकडनं. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या म्हशीनं दिलंय, लय गुणाचं हाय."

ताज्या शेणाची उष्णता कोवळ्या मुळांना सोसत नाही, ते निदान वर्षभर कुजलेले असावे, हे मला माहीत होते. पान क्रमांकासह माहीत होते. पण मावशी ते डोक्यावरून घेऊन आल्या होत्या. अम्मीच्या शेवटच्या आजारात रोज दूध आणून देणाऱ्या याच. मी तोंड उघडले आणि म्हणाले, "किती चांगलं केलंत मावशी."

त्यांनी स्वतःच गजांतून हात घालून ते बुडाशी थापले. वर म्हणाल्या, "आता बघ, कशी तरारंल."


८ नोव्हेंबर, शुक्रवार

तरारली नाही. दोन धुमारे काळे पडले.

आणि आज जुम्याच्या नमाजनंतर मुजीबचाचा आणि चारपाच जण कबरींवर सब्जाची रोपे लावायला आले, त्यांना वास आला. मी नेमकी ग्रंथालयातून घरी जेवायला येत होते.

"याकूबभाई! कब्रस्तानात शेण? आवं, हितं माणसं दुआ मागायला येत्यात!" चाचा रागाने बोलत होते, पण वाईट बोलत नव्हते. "झाड लावलं, बरं केलं. हे न्हाई चालणार. ह्याच्यापेक्षा झाडच काढा."

अब्बा माझ्याकडे पाहत होते. ते म्हणू शकले असते की हे साळूबाईंनी घातले. ते म्हणू शकले असते की मुलीने घालू दिले. पण ते नुसते थांबले. आणि मला कळले की मी आता बोलले नाही तर झाड जाईल.

"चाचा," मी म्हणाले. ऐकू गेले नाही. गज धरले आणि पुन्हा म्हणाले, "चाचा! चूक माझी आहे. शेण मी आजच काढायला सांगते. याच्याऐवजी निंबाचा पालापाचोळा कुजवून घालू. आत इतका पाला पडतो, तुम्ही जाळता. तो एका कोपऱ्यात साठवला तर खत होईल. त्याला वास येत नाही. थोडी निंबोळी पेंड मिसळली की वाळवीही लागत नाही. तुमच्या सब्जालासुद्धा घालता येईल."

माझ्या आयुष्यातले, पुरुषांसमोरचे, हे सर्वांत लांब भाषण. चाचांनी दाढीवरून हात फिरवला.

"एवढा आवाज हाय व्हय हिला?" ते अब्बांना म्हणाले. "मी तर मुकी समजत होतो."

"पुस्तकाचं काम असलं की येतो," अब्बा म्हणाले. त्यांनी तिथेच बाह्या सरसावल्या आणि शेण घमेल्यात भरायला लागले.


९ नोव्हेंबर

मावशींकडे गेले. दारातच सर्व एका दमात सांगितले: त्यांचे शेण उत्तम आहे, परंतु ताजे आहे, झाड भाजले, आणि कब्रस्तानात ते चालत नाही. मावशी कंबरेवर हात ठेवून ऐकत होत्या.

"मग त्याच वक्ताला का न्हाई बोललीस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"आगं येडे, मला वाईट वाटलं असतं चहा पिऊस्तवर. झाड गेलं असतं तर जन्मभर वाटलं असतं!" मग आत जाऊन चहा ठेवला. कप हातात देताना म्हणाल्या, "तुझी आई तोंडावर सांगायची. माझ्या पुरणपोळीला एकदा म्हणाली, साळू, ही चपाती बरी झालीय."

अम्मी असे म्हणाली होती, हे मला माहीत नव्हते. येताना रस्ताभर हसू येत होते.


२३ नोव्हेंबर

जुना पाला निंबाखाली खालच्या थरात आपोआपच कुजलेला निघाला. काळा, भुसभुशीत, हाताला गार. चाचांनी स्वतः पोतेभर काढून ठेवला. तो चाळून, पेंड मिसळून, खोडापासून थोडे दूर गोलाकार घातला. मी बाहेरून सांगत होते, अब्बा आतून घालत होते. मेंदीला घालून उरला तो चाचांनी सब्जाला नेला.

थंडी पडू लागली आहे.


८ डिसेंबर

काळ्या पडलेल्या धुमाऱ्यांच्या शेजारून नवे आले. आज त्यांना पाने म्हणता येईल.

एक निरीक्षण नोंदवते. मी रोज सकाळी कामावर जाताना पाणी घेऊन जाते, तर आळे आधीच ओले असते. एवढे दव पडत नाही. पुस्तकात काळ्या जमिनीत ओल टिकते असे म्हटले आहे, त्यामुळे असेल. मी तरीही थोडे घालते.


१० जानेवारी, शुक्रवार

उद्या आम्हा बायकांना मेंदी घेऊन कवठे महांकाळला जायचे आहे. नवऱ्याकडची मेंदी नवरीला जाते, तशी रीत आहे. बाजारातले कोन भाईने आणून ठेवले आहेत.

दुपारी अब्बांनी सदऱ्याच्या खिशातून मूठ काढली आणि माझ्या ओंजळीत उघडली. पाने होती. मूठ म्हटली तरी अब्बांची मूठ लहान आहे.

"लय न्हाई तोडली. दुखंल तिला."

पाटा धुतला. वाटताना तोच वास आला. एक लहान वाटी अर्धी भरली.


११ जानेवारी

तिथे बायकांचा गोंगाट होता आणि मला नेहमीप्रमाणे कोपरा हवा होता. पण वाटी माझ्या हातात होती. अर्फाचे दोन्ही हात कोपरापर्यंत कोनाच्या नक्षीने भरले होते. मला उशीर झाला होता. मी वाटी पदराआड धरली.

"नणंदबाई, लपवताय काय?" अर्फा ओरडली. तिचा आवाज कितीही टेबले ओलांडेल असा आहे. तिने उजवा तळहात माझ्यापुढे उघडला. सगळीकडे वेलबुट्टी, मधोमध मात्र रुपयाएवढी जागा कोरी. "तुमच्या भावानं फोनवर झाडाचं सगळं पुराण सांगितलंय. म्हणून जागा ठेवलीय. लावा!"

मी त्या जागेत गोल ठिपका भरला. अम्मी सुरुवात त्यानेच करत असे. बाकी नक्षी मला येत नाही.


१६ जानेवारी

अर्फा घरात आली आणि घर लहान वाटण्याऐवजी मोठे वाटू लागले. नव्या खोलीला अजून रंग नाही, त्यावरून ती भाईला दिवसातून दहा वेळा टोमणे मारते.

आज तिला गाव दाखवायला निघाले. कब्रस्तानच्या गजांपाशी ती थांबली.

"हीच का ती? पण अम्मी तर आत हायत ना? मग ही भिंतीपाशी का?"

मी तिला अब्बांच्या चुकीविषयी सांगितले. दगड, ऊन, विटांची बचत, तांब्याने मोजलेले गज, सर्व. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने गजांमधून हात आत घातला. बोटे पानांपासून वीतभर अलीकडेच राहिली. ती माझ्यापेक्षा बरीच ठेंगणी आहे.

"माझा न्हाई पोचत," ती म्हणाली. "तुमी बघा."

मी हात घातला. आजवर मी फक्त तांब्याची धार पाहिली होती, हाताकडे कधी पाहिले नव्हते. वाकावे लागले नाही. टाचा उंचवाव्या लागल्या नाहीत. पाने सरळ तळहातात आली. आळ्यात मुळाशी लाल काचेचा एक तुकडा उन्हात चमकत होता.

मी बराच वेळ हात तसाच ठेवला.

मग मी काही पाने तोडली. पहिल्यांदा, माझ्या हाताने.

घरी येऊन ती वाटली आणि दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हते. अम्मी दर ईदला अब्बांच्या करंगळीला मेंदी लावत असे. दोन वर्षे ती करंगळी कोरी होती. मी वाटी पुढे केली तेव्हा त्यांनी काही न विचारता करंगळी पुढे केली.

"अब्बा," मी विचारले, "माझं बांगडीचं माप काय?"

"सव्वादोन."

"आणि हाताचं?"

अब्बांनी मेंदी लागलेल्या बोटावर हलकेच फुंकर मारली.

"आत मी जातो की रोज फजरच्या नमाजनंतर," ते म्हणाले. "तुलाच जाता येत न्हवतं."

मी त्यांच्या करंगळीवरून उतरलेला मेंदीचा ओघळ पुसला. मग मी एवढेच म्हणाले, की उद्यापासून पाणी मीच घालत जाईन, मीच, रोज, भरपूर.

"घाल," अब्बा म्हणाले. "पर जरा कमी घाल. पहाटं मी बी घालतोय."